प्रत्येकाधिकारी : शब्द एक, अर्थ दोन

तेलुगूत ‘प्रत्येक’ म्हणजे विशेष, आणि मराठीत ‘प्रत्येक’ म्हणजे एकूण एक. दोन्ही भाषांनी शब्द संस्कृतातूनच घेतला, पण संसार निरनिराळे थाटले. त्यामुळे पंचायतीचा वा नगरपालिकेचा कारभार ‘प्रत्येकाधिकारी’ पाहणार, असे जेव्हा आमच्या भागात जाहीर होते, तेव्हा तेलुगू वाचकाला एक विशेष अधिकारी येत असल्याचे कळते. आणि देवनागरीवर वाढलेल्या मराठी माणसाला हे ऐकून वाटते की आता प्रत्येक अधिकारी येणार! हा विनोद मावल्यात आणि आदिलाबादेत जुना आहे. परंतु गंमत अशी की, चुकीचा समजच वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जातो. सभागृहाची मुदत संपून प्रशासक बसला की अध्यक्ष तोच, स्थायी समिती तीच, वॉर्डाचा सदस्य तोच आणि अंमलबजावणी करणारा वरिष्ठही तोच. प्रत्येक अधिकार एका खुर्चीत येऊन बसतो. प्रत्येक कर्तव्य मात्र त्याबरोबर येत नाही, आणि जे कर्तव्य सर्वांआधी गळून पडते ते भाषेचे असते, असे आमचे म्हणणे आहे.

तेलंगणातील ग्रामपंचायतींची मुदत जानेवारी २०२४ अखेर संपली आणि फेब्रुवारीपासून राज्यभरातील पंचायती विशेष अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाल्या. मंडळ पातळीवरचा एक अधिकारी, त्याच्या स्वतःच्या खात्याचे काम, आणि वर आणखी काही गावांचा कारभार, अशी ती रचना होती. निवडणुका झाल्या त्या डिसेंबर २०२५ मध्ये. नगरपालिकांची गोष्ट वेगळी नाही. जानेवारी २०२० मध्ये निवडून आलेल्या सभागृहांची पाच वर्षे जानेवारी २०२५ मध्ये भरली, आणि जिल्हाधिकारी, अतिरिक्त जिल्हाधिकारी यांसारख्या अधिकाऱ्यांकडे सभागृहांचे अधिकार सोपविण्यात आले.

पैनगंगेपलीकडच्या आमच्या बांधवांनी यावर आम्हांला हसू नये. महाराष्ट्राने याबाबतीत तेलंगणाला कधीच मागे टाकले आहे. औरंगाबाद महानगरपालिकेवर एप्रिल २०२० पासून प्रशासक होता. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. तेथील मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. म्हणजे देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका पावणेचार वर्षांहून अधिक काळ सभागृहावाचून चालली. या काळात अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असे. प्रस्ताव आयुक्त या नात्याने पाठवायचा आणि प्रशासक या नात्याने त्यावर ‘मान्य’ लिहायचे. पत्र लिहिणारा आणि पत्र वाचणारा एकच असेल, तर टपालखात्याची गरज ती काय?

राज्यघटनेने ७४व्या दुरुस्तीने, म्हणजे १ जून १९९३ पासून, नगरपालिकेचा कार्यकाळ पाच वर्षांचा आणि त्याहून जास्त नाही असा बांधून दिला आहे. अनुच्छेद २४३-यू म्हणते की, ही पाच वर्षे संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. सभागृह बरखास्त झाले तरी सहा महिन्यांत नवे आले पाहिजे. किशनसिंग तोमर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ मध्ये हेच पुन्हा बजावले. याचा अर्थ प्रशासक हा घटनेच्या दृष्टीने अगदी थोड्या दिवसांचा पाहुणा आहे. पाहुण्याने चार दिवस घर सांभाळावे. त्याने घराच्या भिंती हलवू नयेत, आणि मुख्य म्हणजे घरातल्या माणसांशी घरच्या बोलीत बोलावे.

यावर सुशिक्षित मंडळींकडून एक युक्तिवाद हटकून येतो. प्रशासक असला की काम होते, राजकारण नसते, ठेकेदारांची साखळी तुटते, रस्ता वेळेवर होतो. नगरसेवक काय करतात ते आम्हांला ठाऊक आहे! या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. सभागृहातील गोंधळ, टक्केवारी, सभात्याग ही सारी दृश्ये आम्हीही पाहिली आहेत, आणि काही अधिकारी खरोखर कष्टाळू असतात. परंतु नगरसेवक वाईट होता म्हणून नगरसेवकपद अनावश्यक ठरत नाही. वैद्य लुच्चा निघाला म्हणून कोणी औषध घेणे सोडत नाही, वैद्य बदलतो. बदलण्याची ती सोय म्हणजेच निवडणूक, आणि प्रशासकाच्या बाबतीत नेमकी तीच उपलब्ध नसते.

आता शब्दाकडे वळू, कारण शब्दाशी झटणे हाच आमचा उद्योग. इंग्रजीतील ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ या शब्दाच्या पोटात लॅटिनमधील सेवकवाचक शब्द आहे. ‘मिनिस्टर’ म्हणजे मुळात चाकर, हाताखालचा माणूस. मराठीत या पदाला आम्ही ‘प्रशासक’ म्हटले. त्याचा धातू ‘शास्’. शासन, शास्त्र, शिष्य ही सारी त्याचीच लेकरे. शास् म्हणजे आज्ञा करणे, शिकविणे आणि शिक्षा करणेही; ‘गुन्हेगाराला कडक शासन झाले’ असे आपण आजही लिहितो. म्हणजे भाषांतराच्या एका उडीत सेवा करणारा मनुष्य आज्ञा करणारा झाला. पदनामे घडविणाऱ्यांचा यात काही कुटिल हेतू होता असे नव्हे. पण शब्द नुसते नाव राहत नाहीत, ते वागणूक शिकवितात. निजामाच्या अमलात येथला जिल्हाधिकारी ‘अव्वल तालुकदार’ होता आणि नगरपालिका ‘बलदिया’. जुनी माणसे अजूनही बलदियाच म्हणतात. बलदिया गेली, पुरपालक संघम् आले, मराठीत नगरपालिका आली. ‘पालक’ आणि ‘पालिका’ या दोहोंत सांभाळ करण्याचा अर्थ आहे, हे मात्र दोन्ही भाषांना भूषणावह आहे. मराठीने तर आणखी एक मोलाचा शब्द जपला : ‘स्थानिक स्वराज्य संस्था’. तेलुगू बातम्यांत नुसते ‘स्थानिक संस्थलु’ म्हणून भागवितात. आमच्या मराठीत स्वराज्य हा शब्द मध्ये ठाण मांडून बसलेला आहे, आणि प्रशासकाच्या राज्यात तोच एकटा बेकार होतो.

आता मूळ मुद्दा. सीमावर्ती जिल्ह्यात नगरसेवक वा पंचायतीचा सदस्य काय काम करतो? कायद्याच्या पुस्तकात त्याची कामे निराळी लिहिली आहेत. प्रत्यक्षात त्याचे पहिले काम दुभाष्याचे. तेलुगूत आलेली नोटीस घेऊन मराठी आजीबाई त्याच्या ओसरीवर जाते. तो वाचतो आणि सांगतो, घरपट्टी वाढली आहे, अमुक तारखेच्या आत अर्ज द्या. कोलाम वस्तीवरचा मनुष्य जातो, गोंड जातो, उर्दू बोलणारा टांगेवाल्याचा नातू जातो. सदस्य स्वतः फार शिकलेला असतोच असे नाही, पण मोहल्ल्याची बोली त्याला येते, कारण मते त्याच बोलीत मागावी लागतात. ही सेवा कोणत्याही अंदाजपत्रकात नाही आणि तिच्यासाठी कोणाला मानधन नाही. म्हणूनच ती बंद पडली तरी कोणत्याही अहवालात तिची नोंद होत नाही. सभागृहाची मुदत संपली की कार्यालयाला वाटते आपण केवळ काही ठराव मंजूर करणारे हात गमावले. वस्तीला विचारा, तिने आपली जीभ आणि कान दोन्ही गमावलेले असतात.

प्रशासकाने सभागृहाचे अधिकार घेतले तर ही दुभाषेगिरीही त्याने घेतली पाहिजे. कायद्याने सभागृहाची जागा घेणारा मनुष्य सभागृहाच्या केवळ सहीची जागा घेऊन थांबू शकत नाही. हे आम्ही कृपा म्हणून मागत नाही.

या प्रश्नात प्रत्यक्ष नुकसान कसे होते ते पाहा. वॉर्डांची पुनर्रचना, मतदारयादी, करआकारणी, रस्तारुंदीकरण या सर्वांत एक टप्पा असतो : मसुदा जाहीर करून लोकांची हरकत मागविण्याचा. महाराष्ट्रात आपण ‘हरकती व सूचना’ म्हणतो. तेलुगूत हरकतीला ‘अभ्यंतरम्’ म्हणतात. मराठीत अभ्यंतर म्हणजे आतील भाग, अंतरंग. तेलुगू अक्षरे जेमतेम लावता येणाऱ्या मराठी माणसाने ती नोटीस अक्षर लावून वाचली, तरी त्याला वाटेल कशाच्या तरी आतल्या भागाविषयी काही लिहिले आहे! ‘गडुवु’ म्हणजे मुदत. आमच्या कानाला गडवा ऐकू येतो. ‘व्यवसायम्’ म्हणजे शेती, ‘उपाधि’ म्हणजे रोजगार, ‘अवकाशम्’ म्हणजे संधी. शेतजमिनीविषयीची सूचना दुकानदारांसाठी आहे असे समजून शेतकरी निश्चिंत बसला, तर दोष कोणाचा? अगदी परकी भाषा असती तर माणूस सावध होतो, कोणाला तरी विचारतो. सख्ख्या शेजारणीची भाषा अर्धी कळल्यासारखी वाटते, आणि अर्धे कळणे हेच घात करते. हरकतीची मुदत टळली की नंतर न्यायालयातही पहिला प्रश्न येतो : तेव्हा का बोलला नाहीत?

पूर्वी दवंडी होती. ढोलक्याने चौकात उभे राहून ओरडायचे, आणि ज्याला अक्षर येत नाही त्याच्याही कानावर राजाज्ञा जायची. तेलुगूतही दंडोरा आहे, शब्दाचे कूळ दूरचे नाही. दवंडी कानाशी बोलत असे. आजची नोटीस फलकावर किंवा संकेतस्थळावर असते, ती डोळ्यांशी बोलते, आणि तीही एका लिपीतल्या डोळ्यांशी. प्रगती झाली हे खरेच, पण कोणाची?

“मग तेलुगू शिका!” असे कोणी म्हणेल. आम्ही शिकलो आहोत. आमची मुले तेलुगू माध्यमात आणि आता इंग्रजी माध्यमात शिकतात. आदिलाबादच्या बाजारात उभ्या असलेल्या मराठी दुकानदाराची तेलुगू ऐकून वरंगळचा मनुष्यही फसेल. तेलुगूशी आमचे वैर नाही, आणि जो कोणी या लेखातून तसा अर्थ काढील त्याने तो काढू नये. परंतु या जिल्ह्याची सोयरीक नदीपलीकडे आहे. पांढरकवड्याची, वणीची, किनवटची लेक लग्न होऊन बेल्यात, जैनदला, मावल्यात येते. तिची दहावी-बारावी मराठीत झालेली असते. ती सुशिक्षित आहे, वृत्तपत्र वाचते, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सरकारच्या लेखी निरक्षर होते. तिने तेलुगू शिकावी, ती शिकतेही. पण तोवर घरपट्टीची मुदत थांबत नाही.

आणि ही सोयरीक आम्ही हौसेने सीमा ओलांडून केलेली नाही. सीमाच आमच्या सोयरिकीतून गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडल आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले. उलट नांदेडकडील मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडले इकडे आली. भाषावार रचना म्हणायची आणि घरे मात्र दोन भाषांत वाटायची! पुढे ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि त्याच फेररचनेत मावला हे स्वतंत्र मंडळ झाले. शहराच्या इतके जवळ की, पायी जाणाऱ्याला नगरपालिका कोठे संपते आणि पंचायत कोठे सुरू होते हे समजू नये. आज पंचायतीचा विशेष अधिकारी, उद्या नगरपालिकेचा. घर तेच, नोटिशीवरचा शिक्का निराळा.

कायदा आमच्या विरुद्ध असता तर आम्ही इतके लिहिले नसते. घटनेचा अनुच्छेद ३५० कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क देतो. मराठीतील अर्ज ‘तेलुगूत लिहून आणा’ म्हणून खिडकीवरून परत करणे हे म्हणूनच कारकुनाच्या मर्जीचे प्रकरण नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी केंद्राने १९५६ मध्ये जे निवेदन राज्यांना पाठविले, त्यात जिल्हा, तालुका वा नगरपालिका यांच्या हद्दीत १५ ते २० टक्के लोक दुसरी भाषा बोलत असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे सांगितले आहे. येथे ‘नगरपालिका’ हा शब्द लक्षात घ्यावा. राज्यभरचे प्रमाण मोजून आम्हांला गप्प करता येणार नाही. मोजणी आमच्या गावात व्हायची आहे. तेलुगूला राजभाषा करणाऱ्या १९६६ च्या अधिनियमातही, उर्दू वा अन्य भाषा ठरावीक क्षेत्रात ठरावीक कामांसाठी जोडीने वापरण्याची मुभा सरकारला दिलेली आहे. २०१७ मध्ये तेलंगणाने उर्दूला राज्यभर दुसऱ्या राजभाषेचे स्थान दिले, ते योग्यच झाले. ज्या दारातून उर्दू आत आली ते दार या जिल्ह्यापुरते मराठीला, गोंडीला आणि कोलामीला उघडण्यास कायद्याची कडी आडवी नाही.

येथे आम्हांला महाराष्ट्रातील आपल्याच माणसांशी दोन शब्द बोलले पाहिजेत. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव होते. मराठी राजभाषा, २०२२ चा स्थानिक प्राधिकरणांचा राजभाषा अधिनियम, या आधारे ती उर्दू काढावी म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, मराठीबरोबर उर्दू लिहिण्यास कायद्याची बंदी नाही. नगरपरिषद लोकांच्या रोजच्या गरजा भागविण्यासाठी असते आणि भाषा हे संवादाचे साधन आहे. पुण्या-मुंबईच्या काही मराठीप्रेमींना हा निकाल मराठीचा पराभव वाटला. आम्हांला तो विजय वाटतो. पातुरात उर्दूला जे तत्त्व लागू, तेच आदिलाबादेत मराठीला लागू, आणि तेच गडचिरोलीच्या सिरोंच्यात तेलुगूलाही. तुम्ही तेथे पाटीवरची एक ओळ पुसण्यासाठी कुऱ्हाड उचलता, तेव्हा ती आमच्या फांदीवर पडते. अभिजात दर्जा मिळाला म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्हीही पेढे वाटले होते. पण अभिजात मराठीला नळाच्या वेळापत्रकात जागा नसेल, तर त्या पेढ्यांची चव किती दिवस राहणार?

आणि हे काही अघटित मागणे नव्हे. सातवाहनांनी चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस प्राकृत आणि दुसऱ्या बाजूस द्राविडी भाषा कोरली. ती तमिळ की तेलुगूचे पूर्वरूप यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. अठराशे वर्षांपूर्वीच्या राजाला कळत होते की एकच नाणे दोन बाजारांत चालायचे तर ते दोन जिभांनी बोलले पाहिजे. अगदी अलीकडे, याच जिल्ह्यात, कोमराम भीम यांच्या बलिदानानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाचारण केले आणि मारलवाईला गोंडीतून शिक्षण सुरू झाले. त्याची वाचनपुस्तके देवनागरीत होती. परक्या मुलखातून आलेल्या विद्वानाला जे सुचले ते आमच्या कार्यालयांना का सुचू नये? नारनूर मंडळातील गुंजाळा या गावच्या हस्तलिखितांतील गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये गेली. संगणक ती लिपी दाखवू शकतो. नोटीसफलक अजून शकत नाही.

आता ‘प्रत्येकाधिकारी’ या शब्दाकडे शेवटचे एकदा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-बी घातला गेला. त्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांची चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल देण्यासाठी एका अधिकाऱ्याची योजना आहे, आणि घटनेने त्याला दिलेले नाव आहे ‘विशेष अधिकारी’. म्हणजे तेलुगूत प्रत्येकाधिकारीच! एक विशेष अधिकारी आमचे सभागृह चालवितो, दुसऱ्या विशेष अधिकाऱ्याने आमच्या भाषेची वास्तपुस्त घ्यायची आहे. पहिला रोज दिसतो, दुसऱ्याचे कार्यालय दिल्लीत आहे. त्या दोघांची गाठ आम्हीच घालून दिली पाहिजे.

तेव्हा मावला, जैनद, बेला, तांसी, तलमडुगु येथील वाचकांना आमची विनंती अशी. येत्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात प्रजावाणी भरेल तेव्हा अर्ज मराठीतच न्यावा. त्यात तीनच गोष्टी मागाव्यात : करआकारणी, मतदारयादी व वॉर्डरचना यांविषयीच्या नोटिसा मराठीतही लागाव्यात, हरकतीची मुदत मराठी नोटीस लागल्या दिवसापासून मोजावी, आणि सभागृह नसेल त्या काळात प्रत्येक वॉर्डात महिन्यातून एकदा अधिकाऱ्याने दुभाष्यासह बसून लोकांचे ऐकावे. अर्जाच्या शिरोभागी अनुच्छेद ३५० चा उल्लेख करावा. दुसरी प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या नावे टपालाने पाठवावी. खिडकीवर कोणी भाषेचे कारण सांगून अर्ज नाकारला, तर वाद न घालता नकार लेखी मागावा. आणि अर्ज स्वीकारला, तर पोच घेतल्यावाचून परतू नये. पोचेवर तारीख व शिक्का दोन्ही आहेत ना, तेही पाहावे.